अल्फा घटली म्हणजे लक्ष वाढले का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी आठ चॅनेलचे ईईजी यंत्र (डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडनी मेंदूच्या विद्युतलहरी टिपणारे; एक चॅनेल म्हणजे एका इलेक्ट्रोडची नोंद) हाताशी आहे. सहभागींना दहा मिनिटांचा शैक्षणिक व्हिडिओ दाखवायचा, डोक्याच्या मागच्या भागावरून अल्फा लहरी टिपायच्या आणि जिथे अल्फा वाढली तिथे लक्ष उडाले असे धरायचे. हे चालेल का, किती माणसे लागतील, आणि शेवटी प्रत्येकाला लक्षाचा एक आकडा देता येईल का?

आहे तसा आराखडा चालणार नाही. पण थोडा फिरवला तर याच यंत्रावर आणि याच व्हिडिओवर चांगला प्रबंध उभा राहू शकतो, म्हणून सविस्तर लिहिते.

चॅनेल आठच आहेत ही खरी अडचण नव्हे. अल्फा घ्यावी की तिच्याहून जलद बीटा, हाही प्रश्न नंतरचा. व्हिडिओ चालू असताना लक्षाबरोबर आणखी बरेच काही बदलत असते: पडद्यावरचा उजेड, दृश्यांची अदलाबदल, डोळ्यांची हालचाल, बसून बसून येणारी गुंगी. अल्फा या सगळ्यांना प्रतिसाद देते. हान्स बर्गर यांनी १९२९ पासून माणसाच्या ईईजीवर लेख प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तेव्हापासून हे माहीत आहे की डोळे मिटले की सेकंदाला सुमारे दहा आवर्तनांची ही लय उसळते आणि उघडले की दबते. १९३४ मध्ये एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी त्याला दुजोरा दिला. म्हणजे अल्फामधला सगळ्यात मोठा फरक पापणीमुळे पडतो. लक्षामुळे पडणारा फरक त्याहून बराच लहान असतो.

त्यात दिशाही स्थिर नाही. उघड्या डोळ्यांनी बसलेला माणूस पेंगुळला की आधी अल्फा वाढते. झोप आणखी जवळ आली की तीच अल्फा विरते आणि संथ थीटा लहरी पुढे येतात. आणि एखादा सहभागी व्हिडिओतला मुद्दा मनात धरून त्यावर विचार करत असेल, तर तेव्हाही अल्फा वाढू शकते, कारण मेंदू बाहेरचे दृश्य काही काळ बाजूला ठेवतो. तुमच्या पद्धतीत या मन लावून बसलेल्या माणसाच्या नावावर ‘लक्ष उडाले’ अशी नोंद पडेल. तर्कशास्त्रातले जुने उदाहरण इथे चपखल बसते: जिथे धूर तिथे अग्नी हे खरे, पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरे नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. लक्ष दिल्यावर अल्फा घटते हे अनेकदा दाखवले गेले आहे. अल्फा घटली म्हणून लक्ष दिले असेल, हे त्यातून निघत नाही.

मग ईईजीवरून अवधानाचा अभ्यास होतो तरी कसा? एका साध्या अटीवर: डोळ्यांवर पडणारे चित्र दोन्ही परिस्थितींत तंतोतंत सारखे असावे आणि फक्त लक्ष इकडून तिकडे हलावे. पडद्याच्या मध्यावर एक ठिपका असतो आणि सहभागीने नजर तिथेच खिळवून ठेवायची असते. बाण डावीकडे किंवा उजवीकडे दाखवतो आणि सहभागी नजर न हलवता त्या बाजूकडे लक्ष नेतो. मायकेल पोझ्नर यांनी १९८० च्या सुमारास रूढ केलेला हा प्रयोग आजही कामाचा आहे. डावीकडे उमटलेली तीच आकृती काही फेऱ्यांत लक्षाच्या टप्प्यात असते, काही फेऱ्यांत नसते. दोन्ही प्रकारच्या फेऱ्यांतल्या ईईजीच्या सरासरी एकमेकींतून वजा केल्या की उजेड, रंग, आकार सगळे कटून जाते. स्टीव्हन हिलयार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मार्गाने दाखवले की आकृती दिसल्यानंतर साधारण १०० मिलिसेकंदांनी येणारी पी१ ही लहर आणि तिच्यामागून येणारी एन१, दोन्ही लक्षामुळे मोठ्या होतात. इतक्या लवकर फरक दिसतो, म्हणजे लक्षाचा परिणाम बटण दाबण्याच्या निर्णयापर्यंत थांबून राहत नाही, पाहण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यांतच होतो. ही माहिती नुसत्या प्रतिक्रियाकाळातून मिळाली नसती. ईईजी वापरायचे ते अशा प्रश्नासाठी.

डोळ्यांबद्दल मात्र थांबून बोलायला हवे, कारण या क्षेत्रातले निम्मे वाद तिथेच अडकतात. डोळ्याचा पुढचा भाग मागच्या भागापेक्षा धन विद्युतभाराचा असतो, त्यामुळे बुबुळ हलले की कवटीवरचा विभव हलतो. नजर आडवी एक अंश सरकली तर डोळ्यांच्या दोन बाहेरच्या कोपऱ्यांमध्ये सुमारे १६ मायक्रोव्होल्टचा फरक पडतो. तुम्ही शोधत असलेला लक्षाचा परिणाम बहुतेकदा एक-दोन मायक्रोव्होल्टचा. बाण डावीकडे दाखवल्यावर सहभागीने नजर नकळत अंशभर डावीकडे नेली की दोन गोष्टी एकदम बिघडतात. एक तर डोळ्याचा विद्युतप्रवाह मेंदूच्या नोंदीत मिसळतो. हे स्वतंत्र घटक वेगळे करणाऱ्या गणिताने, म्हणजे आयसीएने, बरेचसे साफ करता येते. दुसरी गोष्ट कुठल्याही गणिताने साफ होत नाही: आकृती आता दृष्टिपटलावर वेगळ्या जागी पडली आहे. चित्र सारखे ठेवण्याची अट तिथेच मोडली. अशा फेऱ्या टाकूनच द्याव्या लागतात. ‘आयसीए केले आहे’ एवढे लिहून डोळ्यांचा विषय संपवणारे प्रबंध मी परीक्षक म्हणून परत पाठवते.

तेव्हा आठपैकी दोन चॅनेल बिनदिक्कत डोळ्यांना द्या, दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांशी. जीव तुटतो खरा, पण देऊन टाका. उरलेले सहा मागे लावा: ओझेड, ओ१, ओ२, पीओ७, पीओ८ आणि मध्यावर पीझेड (ही डोक्याच्या मागच्या भागावरच्या ठरलेल्या जागांची नावे; ओ१, पीओ७ डावीकडे, ओ२, पीओ८ उजवीकडे). संदर्भासाठी कानांमागची हाडे ठीक आहेत. तुमच्या यंत्राचे इलेक्ट्रोड कपाळावर पक्के बसवलेले असतील आणि मागे नेता येत नसतील, तर दृश्य अवधानाचा विषय सोडा. कपाळावर पापण्यांची उघडझाप आणि स्नायूंचा खळखळाट इतका असतो की पश्चखंडातली, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागातली, लहान लहर तिथून शोधण्यात अर्थ नाही. गॅमा या अतिजलद लहरींच्या वाटेलाही जाऊ नका. नजर खिळवलेली असतानाही डोळे सूक्ष्म झटके देत असतात आणि त्यांच्या स्नायूंतून येणारा संकेत मेंदूतल्या गॅमासारखाच दिसतो, हे २००८ मध्ये दाखवले गेले. त्याआधीच्या कितीतरी गॅमा-निष्कर्षांकडे त्यानंतर संशयाने पाहावे लागले.

आता कोणता संकेत निवडायचा ते पाहू. अल्फा आवडत असेल तर तिची एकूण पातळी घेऊ नका, डाव्या-उजव्या बाजूंचा फरक घ्या. लक्ष डावीकडे नेले की उजव्या पश्चभागावरची अल्फा घटते आणि डाव्या पश्चभागावरची तुलनेने वाढते. उजवीकडे नेले की उलट. आकृती येण्याआधीच, नुसत्या तयारीच्या काळात हे घडते. २००० पासून वेगवेगळ्या गटांना ते पुन्हा पुन्हा सापडले आहे. या फरकाचा मोठा फायदा असा की पेंग आली तर ती दोन्ही बाजूंना साधारण सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते. मात्र बाण आणि आकृती यांमधले अंतर दर फेरीला थोडे बदलते ठेवा, नाहीतर सहभागी तालावर बसतो आणि अपेक्षेचे पाणी लक्षात मिसळते.

दुसरा पर्याय एन२पीसी ही लहर. गर्दीतून एखादी गोष्ट शोधायची असेल तेव्हा लक्ष कोणत्या बाजूच्या वस्तूवर बसले हे साधारण २०० ते ३०० मिलिसेकंदांदरम्यान पीओ७ आणि पीओ८ यांच्या फरकात दिसते. ल्यूक आणि हिलयार्ड यांचे १९९४ चे काम यासाठी पाया मानतात. इथे दोन्ही बाजूंना सारख्याच वस्तू ठेवाव्या लागतात, नाहीतर चित्राचा फरक लक्षाचा म्हणून खपून जातो. पी३००चे नाव तुम्ही ऐकलेच असेल. ती लहर मोठी आणि सहज मिळणारी आहे, पण ती उशिरा येते, कानावर पडलेल्या आवाजांनाही येते, आणि वस्तू कामाची किंवा अनपेक्षित होती एवढेच प्रामुख्याने सांगते. नजरेच्या लक्षासाठी मी ती मुख्य मोजमाप म्हणून घेत नाही.

तुमच्या व्हिडिओसाठी मला तिसरा पर्याय सगळ्यात योग्य वाटतो: लुकलुक. पडद्यावरची एखादी गोष्ट ठरावीक गतीने लुकलुकत ठेवली की पश्चखंड त्याच वारंवारतेने प्रतिसाद देतो. त्या गोष्टीकडे लक्ष दिले की प्रतिसाद वाढतो, हे १९९६ पासून माहीत आहे. यात वेळेची फार काटेकोर जुळणी लागत नाही, चॅनेल कमी चालतात आणि संकेत वारंवारतेच्या आलेखावर सुईसारखा उभा राहतो.

आराखडा असा करता येईल. व्हिडिओच्या मध्यावर, फार मोठी नाही अशी अर्धपारदर्शक अक्षरांची एक माळ चालू ठेवा. अक्षरे ७.५ हर्ट्झने लुकलुकू द्या. व्हिडिओचे एक-एक मिनिटाचे दहा तुकडे करा. काही तुकड्यांत सहभागीने व्हिडिओकडे लक्ष द्यायचे आणि नंतर त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. काहींत अक्षरांकडे लक्ष द्यायचे आणि ठरलेले अक्षर आले की बटण दाबायचे. निम्म्या सहभागींना विषम क्रमांकाच्या तुकड्यांत व्हिडिओचे काम द्या, निम्म्यांना सम क्रमांकाच्या. म्हणजे कोणालाही काही दोनदा पाहावे लागत नाही, तरी प्रत्येक तुकडा दोन्ही परिस्थितींत पाहिला जातो. एखाद्या सेकंदाला दृश्य फार उजळले आणि अक्षरे फिकी पडली, तर ती दोन्ही परिस्थितींत त्याच सेकंदाला फिकी पडतात. तुलना बिघडत नाही. मूळ आराखड्यात हेच जमत नव्हते. अक्षरे मध्यावर असल्याने नजरही फारशी भटकत नाही, आणि भटकली तर डोळ्यांचे दोन चॅनेल सांगतीलच.

७.५ का? ६० हर्ट्झच्या पडद्यावर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलते. ७.५ हर्ट्झचे एक आवर्तन बरोबर आठ चौकटींत बसते: चार चालू, चार बंद. हवी ती वारंवारता सांगितली म्हणून पडदा ती देतोच असे नाही. ११ हर्ट्झ मागितले तर तो वेडेवाकडे काहीतरी देईल. दहा हर्ट्झ सहा चौकटींत नीट बसते, पण ते नेमके अल्फात पडते. ७.५ चा दुपटीचा प्रतिसाद १५ लाही दिसेल, म्हणून पुढेमागे दुसरी वस्तू लुकलुकवायची झाली तर तिला १५ देऊ नका. विश्लेषणाचा तुकडा चार सेकंदांचा घेतला तर त्यात ७.५ ची पूर्ण ३० आवर्तने येतात आणि वारंवारतेची बारकाई ०.२५ हर्ट्झ मिळते. ७.५ च्या शक्तीची तुलना आजूबाजूच्या वारंवारतांशी करा, नुसती शक्ती छापू नका. आणि एक गोष्ट संमतीपत्राच्या आधी: लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काहींना झटके येऊ शकतात. साधारण १५ ते २५ हर्ट्झचा पट्टा त्यासाठी सर्वात धोक्याचा मानला जातो, पण खालीही धोका शून्य नसतो. स्वतःला किंवा घरात कोणाला अपस्मार आहे का हे विचारा, असेल तर त्यांना घेऊ नका आणि नीतिमूल्य समितीला हे स्पष्ट लिहून द्या.

या आराखड्याची मर्यादाही सांगते. लक्ष अक्षरांवर आहे की व्हिडिओवर, एवढेच तो सांगेल. मन दोन्ही सोडून भलतीकडे गेले, तर अक्षरांचा प्रतिसाद खालीच राहील आणि तुम्ही समजाल की माणूस व्हिडिओत रमला आहे. मूळ कुतूहल जर मन भरकटण्याचेच असेल, तर अंदाज येणार नाही अशा क्षणी व्हिडिओ थांबवा आणि विचारा: आत्ता लक्ष कुठे होते? मग ‘व्हिडिओवर’ आणि ‘दुसरीकडे’ अशा उत्तरांच्या आधीचे काही सेकंद एकमेकांशी ताडून पाहा. इथे अल्फाला पुन्हा आत घेता येते, कारण आता तिचा अर्थ तुम्ही ठरवत नाही, सहभागीचे उत्तर ठरवते. पण दहा मिनिटांत अशी विचारणा फार वेळा करता येत नाही, सतत टोकले तर मन भरकटायलाच वाव राहत नाही. त्यासाठी बराच लांब व्हिडिओ लागेल. दोन्हीपैकी एकच करा असा माझा सल्ला आहे, आणि पहिल्यांदाच ईईजी करत असाल तर लुकलुक.

किती माणसे, याचे उत्तर संकेताच्या आकारावर अवलंबून आहे. फेऱ्यांची सरासरी घेतली की गोंगाट फेऱ्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. गोंगाट निम्मा करायचा तर फेऱ्या चौपट. पी३०० सारख्या मोठ्या लहरीला प्रत्येक परिस्थितीत ३०-६० फेऱ्या पुरतात, पी१ मधला बारीक फरक पकडायला काही शे लागतात. त्यामुळे ‘अमुक इतके सहभागी’ असा आकडा मी देणार नाही. दोन-चार जणांवर करून पाहा, माणसामाणसांत फरक किती पडतो ते काढा आणि त्यावरून गणित करा. एन२पीसी किंवा पी३०० चा विचार असेल तर ‘ईआरपी कोअर’ हा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला, ४० तरुण सहभागींचा खुला डेटासंच उतरवून घ्या. प्रयोगांचे आराखडे आणि विश्लेषणाच्या आज्ञाही त्यात आहेत. स्वतःच्या डेटाला हात लावण्यापूर्वी त्यावर हात बसवून घेणे फार उपयोगी पडते. विश्लेषणाचे सॉफ्टवेअर म्हणून ईईजीलॅब वापरा किंवा एमएनई-पायथन, फरक पडत नाही.

यंत्राबद्दल एकच चौकशी करा: नोंदीतली वेळेची खूण किती डळमळते? ब्लूटूथवर चालणाऱ्या यंत्रांत ती फेरीगणिक दहा-वीस किंवा त्याहून जास्त मिलिसेकंदांनी मागेपुढे होऊ शकते. पी१ आणि एन२पीसी त्यात पुसट होऊन जातात. अर्धा-एक सेकंद चालणाऱ्या अल्फाच्या फरकाला त्याने फारसे बिघडत नाही. लुकलुकीला प्रत्येक तुकड्याची सुरुवात ठीक मिळाली तरी चालते. शंका असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात फोटोडायोड (प्रकाश टिपणारा छोटा संवेदक) लावून तपासा, पडद्यावर काय आणि केव्हा आले ते सॉफ्टवेअरच्या शब्दावर घेऊ नका.

विश्लेषणात नवशिक्यांची सर्वात महाग पडणारी सवय म्हणजे आलेख बघून काळाची खिडकी निवडणे. सहा चॅनेल, शेकडो क्षण आणि चार पट्टे असले की कुठे ना कुठे फरक दिसणारच. कोणता चॅनेल, कोणती वारंवारता, कोणता काळ, हे डेटा गोळा करण्याआधी लिहून मार्गदर्शकांकडे देऊन ठेवा. पी१, एन२पीसी यांसारख्या लहरी काढायच्या असतील तर संथ बदल कापणारी गाळणी ०.१ हर्ट्झच्या आसपास ठेवा. एक-दोन हर्ट्झपर्यंत कापले की आलेख सुंदर दिसतो, पण मोठ्या लहरींच्या आधी-नंतर खोट्या लहरी उगवतात. ७.५ हर्ट्झच्या लुकलुकीसाठी ही काळजी नको, तिथे एक हर्ट्झ चालेल.

प्रत्येक सहभागीला लक्षाचा आकडा द्यायचा का? नका देऊ. कवटीची जाडी, मेंदूच्या घड्यांची ठेवण, इलेक्ट्रोड किती नीट चिकटला, अल्फाचे स्वतःचे शिखर नऊला आहे की अकराला, या सगळ्यामुळे दोन माणसांच्या मायक्रोव्होल्टची थेट तुलना होत नाही. एकाचा प्रतिसाद दुसऱ्याच्या तिप्पट आला तरी त्याचे लक्ष तिप्पट नसते. एकाच माणसाच्या दोन परिस्थितींतला फरक अर्थपूर्ण असतो, तोच छापा. त्याच्या शेजारी बटण दाबण्याची अचूकता आणि व्हिडिओवरच्या प्रश्नांचे गुण द्या. अक्षरांकडे लक्ष द्यायला सांगूनही कोणी अक्षरे चुकवत असेल, तर त्याचा ईईजी कितीही देखणा असला तरी सूचना पाळली गेली असे म्हणता येत नाही.

सुरुवात दोन चाचण्यांनी करा. सहभागीला दोन मिनिटे डोळे मिटून आणि दोन मिनिटे उघडे ठेवून बसवा. मिटल्यावर ओझेडवर दहाच्या आसपास टेकडी दिसलीच पाहिजे, क्वचित एखाद्या माणसात ती मुळातच फार छोटी असते. मग व्हिडिओशिवाय नुसती अक्षरे ७.५ हर्ट्झने मिनिटभर दाखवा. आलेखात ७.५ ला, आणि शक्यतो १५ लाही, सुई उभी राहिली नाही तर पुढे जाऊ नका. आधी जेल, केस आणि इलेक्ट्रोडचा रोध बघा, मग फोटोडायोडने पडदा. चारपाच जणांवर या दोन चाचण्या करून त्यांचे आलेख इथे टाकलेत तर अक्षरांचा आकार आणि ठळकपणा किती ठेवायचा ते नेमके सांगता येईल.